आदिवासी पाड्यावरील घर निरोगी आणि कमी इंधनात चालणारे करण्यासाठी निधी कसा मिळवावा

महाराष्ट्रातील आदिवासी कुटुंबाला गळके छत, धुराने काळवंडलेला स्वयंपाकाचा कोपरा किंवा उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणारे पत्र्याचे घर सुधारायचे असेल, तर त्यासाठीचा सगळा पैसा एकाच योजनेतून आणि एकाच खिडकीवर मिळत नाही. मोठी रक्कम बहुधा नव्या पक्क्या घरासाठी असते. स्वयंपाकाचा गॅस, सौर वीज, शौचालय आणि पावसाने पडलेली भिंत यांसाठीचे पैसे वेगवेगळ्या खात्यांकडून, वेगवेगळ्या कागदांवर येतात. पाड्यावर नव्याने काम करू लागलेले ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, शिक्षक, पेसा मोबिलायझर (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यासाठी गावात काम करणारे कार्यकर्ते) आणि स्वतःच्या घराचा अर्ज भरू पाहणारे तरुण यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील मुख्य आग्रह एकच आहे: योजनेच्या नावापासून सुरुवात न करता घराच्या दुखण्यापासून करावी आणि प्रत्येक दुखण्याला कोणता निधी लागू पडतो ते त्यानंतर शोधावे.

पहिली पायरी: अर्जाआधी घर पाहावे

घरातील बाईला सोबत घेऊन घर दोनदा पाहावे, एकदा भर दुपारी आणि एकदा संध्याकाळी चूल पेटल्यावर. दुपारी छताखाली किती तापते ते कळते आणि संध्याकाळी धूर कोठून निघतो, की निघतच नाही, ते दिसते. भिंतीच्या तळाशी ओल किती उंच चढली आहे, जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे की पाणी थेट उंबऱ्याशी येते, भिंतीत उंदरांची बिळे आहेत का आणि माणसे जमिनीवर झोपतात का, हेही लिहून ठेवावे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि बिळांमागे उंदीर व उंदरांमागे साप हा क्रम पाड्यावरच्या कोणालाही नव्याने सांगावा लागत नाही. घरात दमा, जुनाट खोकला किंवा क्षयाचा रुग्ण असेल, तर त्याची झोपण्याची जागा खिडकीपासून किती दूर आहे तेही पाहावे, कारण कोंदट खोलीत क्षयाचा संसर्ग सहज पसरतो.

धुराचा प्रश्न थोडा खोलात जाऊन समजून घ्यावा लागतो. लाकूड आणि गोवऱ्या जळताना निघणारे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. लहान मुलांचा न्यूमोनिया, स्त्रियांचे फुप्फुसांचे जुनाट विकार आणि बाळाचे जन्मतः कमी वजन यांच्याशी या धुराचा संबंध वैद्यकीय अभ्यासांतून सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, आणि बंद खोलीतील चुलीजवळचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असते. मात्र जुन्या कुडाच्या घरात कारवीच्या भिंतीचा वरचा भाग आणि कौलांमधल्या फटी यांतून बराचसा धूर बाहेर पडत असे. त्याच जागी विटांच्या भिंती आणि वरून घट्ट बसवलेला पत्रा आला की फटी बुजतात आणि तीच चूल अधिक घातक ठरते. अनेक घरकुलांत हे घडलेले आहे आणि बांधकामाच्या कोणत्याही अहवालात ते नोंदले जात नाही, म्हणून पाहणी करणाऱ्यानेच ते नोंदवावे.

चुलीवर टांगलेली मक्याची कणसे आणि बियाण्याच्या जुड्याही पाहाव्यात. धुराने बियाण्याला कीड लागत नाही आणि छताचे बांबूही टिकतात. त्यामुळे चूल घराबाहेर काढायला सांगताना बियाण्यासाठी झाकणाची कोठी आणि राख किंवा कडुनिंबाचा पाला यांची सोय आधी सुचवावी, नाहीतर चूल पुन्हा आत येते आणि त्यात त्या कुटुंबाचा दोष नसतो.

दुसरी पायरी: पायाखालची जागा आणि हातातले कागद

अर्ज सर्वाधिक अडतात ते जागेवरून. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुरतो आणि स्वतःच्या शेतात असेल तर सातबारा लागतो. वनजमिनीवरील घरासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार आहे, कारण या कायद्यात कसण्याबरोबरच राहण्यासाठी वनजमीन धारण करण्याचा हक्कही मान्य केलेला आहे. शिवाय महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २३ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रापुरता या कायद्यात बदल केला असून, त्यामुळे आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना लगतच्या वनक्षेत्रात घर बांधण्याची वाट मोकळी झाली आहे. ही अधिसूचना अजूनही पुष्कळ कार्यालयांत नीट वाचली गेलेली नाही, म्हणून तिची प्रत अर्जासोबत जोडावी.

सर्वांत कठीण स्थिती रायगड आणि ठाणे भागातील अनेक कातकरी वाड्यांची असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या राहूनही वाडीखालची जमीन खासगी मालकाच्या नावावर असते. अशा वाडीसाठी एकेका घराचा अर्ज करण्याआधी ग्रामसभेत गावठाण विस्ताराचा ठराव घ्यावा. भूमिहीन लाभार्थ्याला जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, तिचीही मागणी त्याच ठरावात नोंदवावी.

कागदांत अनुसूचित जमातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि बँकेचे पासबुक लागते. बँकेत केवायसी झाले म्हणजे काम झाले असे समजू नये. सरकारी अनुदान आधारमार्फत जमा व्हायचे असेल तर खाते आधारशी वेगळे जोडून घ्यावे लागते आणि जोडणी नसल्यास मंजूर हप्ताही परत जातो. आधार, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्यावरील नावाचे शुद्धलेखन एकसारखे आहे का तेही आताच पाहावे, कारण एका काना-मात्रेच्या फरकामुळे फाइल थांबल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतात.

तिसरी पायरी: मोठ्या निधीचा योग्य दरवाजा

कुटुंब कोणत्या जमातीचे आहे हे येथे महत्त्वाचे ठरते. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती महाराष्ट्रात विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात आणि त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेले पीएम जनमन अभियान आहे. त्यात घरासाठी २ लाख रुपये मिळतात आणि त्याशिवाय शौचालयाचे १२,००० रुपये व रोजगार हमीची मजुरी वेगळी असते. यवतमाळच्या पोडावर (कोलाम वस्तीवर) किंवा भामरागडच्या टोल्यावर (माडिया वस्तीवर) काम करणाऱ्याने आधी हाच दरवाजा ठोठवावा.

इतर आदिवासी कुटुंबांसाठी, म्हणजे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड आणि इतरांसाठी, राज्याच्या आदिवासी विकास विभागाची शबरी आदिवासी घरकुल योजना आणि केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण असे दोन मार्ग आहेत. आवास योजनेसाठी सर्वेक्षणाच्या यादीत नाव लागते. शबरीसाठी अर्जदार अनुसूचित जमातीचा, राज्यात किमान १५ वर्षे राहणारा आणि पक्के घर नसलेला असावा, व ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपयांच्या आत असावे, अशा अटी आहेत. दोन्हींत मूळ अनुदान सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागात १,३०,००० रुपये असून, क्षेत्रफळ साधारण २६९ चौरस फूट म्हणजे २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकघराची जागा धरलेली आहे. त्यावर शौचालयाचे १२,००० रुपये आणि रोजगार हमीतून सुमारे ९० ते ९५ दिवसांची मजुरी मिळते. ही मजुरी आपोआप येत नाही. हजेरीपत्रक काढून घ्यावे लागते, आणि ते राहून गेल्याने कुटुंबाचा हक्काचा पैसा बुडतो.

ऊर्जेच्या दृष्टीने एक भर विशेष उपयोगाची आहे. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांना राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये ५०,००० रुपयांचे वाढीव अनुदान मंजूर केले. त्यातील ३५,००० रुपये बांधकामासाठी आणि १५,००० रुपये छतावर १ किलोवॉटपर्यंत सौर यंत्रणा बसवण्यासाठी आहेत. यंत्रणा बसवली नाही तर ही १५,००० ची रक्कम हाती पडत नाही, म्हणून छताचा आराखडा ठरवतानाच दक्षिणेकडचा उतार आणि सुमारे १०० चौरस फुटांची सावली नसलेली जागा यांचा विचार करावा. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळण्याची तरतूद राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात आहे, तिचा अर्ज तहसील कार्यालयात करावा.

शबरीचा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीत किंवा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जातो. डहाणू, जव्हार, पेण, कळवण, तळोदा, धारणी, पांढरकवडा, अहेरी अशा ठिकाणी ही प्रकल्प कार्यालये आहेत. आपला तालुका कोणत्या प्रकल्पात येतो ते पाहूनच प्रवासाला निघावे, कारण जिल्हा एक असूनही प्रकल्प वेगळा असू शकतो. अर्ज दिला की पोच, म्हणजे तारीख आणि शिक्का असलेली दुसरी प्रत, घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

चौथी पायरी: आहे तेच घर सुधारायचे असेल तर

यादीत नाव नसेल, किंवा पूर्वी घरकुल मिळून गेले असेल आणि आता तेच घर गळत असेल, तर तुकड्यातुकड्यांनी निधी जमवावा लागतो. पाहणीची वही येथे कामी येते.

छत उडाले किंवा भिंत पडली तर पहिल्या दिवशी ढिगारा न हलवता छायाचित्रे काढावीत आणि तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, पंचनाम्यासाठी लेखी कळवावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये ठरले आहेत, त्यासाठी किमान १५ टक्के नुकसान दिसावे लागते. झोपडीला ८,००० रुपये आणि जोडलेल्या गोठ्याला ३,००० रुपये आहेत. पूर्ण पडलेल्या घराची मदत मात्र सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहे, म्हणून पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिले आहे की ‘पूर्णतः’, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. दोन शब्दांत लाखाचा फरक पडतो आणि वाचता न येणाऱ्या माणसाकडून अंगठा घेताना तो कोणी समजावून सांगत नाही.

धुरासाठी उज्ज्वला योजना आहे. घरातील प्रौढ स्त्रीच्या नावावर जोडणी मिळते, अनुसूचित जमातीची कुटुंबे त्यात थेट पात्र आहेत, आणि पहिला सिलिंडर व शेगडी मोफत असते. जेथे गाडी पोहोचत नाही आणि सिलिंडर डोक्यावरून न्यावा लागतो, तेथे १४.२ किलोऐवजी ५ किलोच्या सिलिंडरचा पर्याय मागावा. राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना २०२४ पासून उज्ज्वलाच्या लाभार्थींना वर्षाला तीन सिलिंडर भरून देते. तरीही मजुरीच्या घरात वर्षभर फक्त गॅसवर स्वयंपाक परवडत नाही, हे मान्य करूनच पुढचे नियोजन करावे. आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवर राहणारच असतील, तर धुराडे असलेली सुधारित चूल पडवीत किंवा मागच्या बाजूला बांधावी आणि भिंतीत वर व खाली अशा समोरासमोर दोन झरोक्यांची सोय करावी. ज्यांच्याकडे दोन-चार जनावरे आणि बारमाही पाणी आहे, त्यांनी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे गोबरगॅसच्या अनुदानाची चौकशी करावी. पाणी मार्चमध्येच आटत असेल तर या वाटेला जाऊ नये.

विजेबाबत, जोडणी असलेल्या कुटुंबाला पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये केंद्राकडून मिळतात. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी राज्याने २०२५ मध्ये आणलेल्या ‘स्मार्ट’ योजनेत सुमारे ५०,००० रुपयांच्या यंत्रणेसाठी अनुसूचित जमातीच्या ग्राहकाला राज्याचे आणखी १५,००० रुपये मिळून स्वतःचे ५,००० रुपये घालावे लागतात, तर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा वाटा २,५०० रुपये आहे. वीजमीटर कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहावे, कारण मृत वडिलांच्या नावावरचे मीटर ही नेहमीची अडचण आहे. ज्या कातकरी, कोलाम किंवा माडिया वस्तीपर्यंत तारा नेणे शक्य नाही, तेथे जनमनमधून ०.३ किलोवॉटची स्वतंत्र सौर यंत्रणा देण्याची तरतूद आहे, आणि ती मागणी वस्तीची एकत्र यादी करून प्रकल्प कार्यालयात द्यावी.

छताच्या उकाड्यासाठी वेगळी योजना शोधत बसण्यापेक्षा कमी पैशांत होणारे उपाय आधी करावेत. पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग दिल्यास आणि खालून बांबूच्या तट्ट्यांचे छत ठोकल्यास मधली हवेची पोकळी उष्णता अडवते, तसेच पावसाचा कर्कश आवाज आणि हिवाळ्यात पत्र्याखाली साचून ठिबकणारे दवही कमी होते. सिमेंटचे जुने पत्रे बदलायचे असतील तर ते कोरडे कापू किंवा फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्याचा सर्व प्रकारांतील तंतू कर्करोगकारक आहे, आणि फुटलेले तुकडे मुलांच्या खेळण्याच्या जागेत पडून राहतात. पत्रे ओले करून अखंड उतरवावेत आणि तोंडाला चांगला मास्क बांधावा.

प्रकल्प अधिकाऱ्यांच्या हाती स्थानिक गरजांसाठी न्यूक्लिअस बजेट नावाचा निधी असतो. मोठ्या योजनांत न बसणाऱ्या गरजा त्यातून भागवता येतात, पण दरवर्षीच्या मंजूर बाबी वेगळ्या असतात. म्हणून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच कार्यालयात जाऊन यंदाच्या बाबींची यादी मागावी. राज्यातील १३ जिल्ह्यांमधील पेसा ग्रामपंचायतींना मिळणारा पाच टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचा निधी) एका घराच्या भिंतीसाठी नसतो, पण पाड्याचे सांडपाणी, पिण्याच्या पाण्याची जागा आणि स्वच्छता यांसाठी ग्रामसभा तो वापरू शकते.

पाचवी पायरी: आराखडा आणि ठेकेदार

आवास योजनेच्या नियमांत लाभार्थ्याच्या घरासाठी ठेकेदार नेमण्यास मनाई आहे. तरीही पाड्यांवर ‘पासबुक आणि अंगठा द्या, घर आम्ही बांधून देतो’ म्हणणारी माणसे येतात आणि अर्धवट जोत्यांच्या रांगा मागे ठेवून जातात. माझ्या मते नव्या कार्यकर्त्याचे सर्वांत मोलाचे काम अर्ज भरण्याचे नसून, हप्ता आला त्या दिवशी कुटुंबासोबत बँकेत उभे राहण्याचे आहे. पासबुक, एटीएम कार्ड आणि सही केलेली कोरी स्लिप कोणाच्याही हाती जाऊ देऊ नये. गवंडी ओळखीचा असला तरी मजुरीचा दर आणि कामाचे टप्पे साध्या कागदावर लिहून घ्यावेत. बचतगटाचे घरकुल मार्ट जवळ असेल तर सिमेंट-पत्र्याचे भाव तेथे विचारून पाहावेत.

आराखड्याबाबत कुटुंबावर स्लॅबची सक्ती होऊ देऊ नये. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पक्के घर म्हणजे वाजवी देखभालीत किमान ३० वर्षे टिकणारे घर, आणि ही अट टिकाऊपणाची आहे. जव्हार-मोखाड्याच्या पावसात किंवा अक्राणीच्या डोंगरात उतरते कौलारू छत चांगले काम करते, आणि अनुदानाच्या रकमेत स्लॅब बसवायला गेल्यास कर्ज उरावर येते. वानरे कौले फोडतात ही तक्रार खरी आहे. तेथे पत्र्यावर कौले अंथरण्याचा किंवा तट्ट्यांच्या छतासह पत्र्याचा पर्याय घ्यावा. मात्र पंचायत समितीच्या अभियंत्याशी बांधकामापूर्वीच बोलून छताचा प्रकार आराखड्यावर लिहून घ्यावा, म्हणजे पुढचा हप्ता त्यावरून अडत नाही. जोते किमान दीड-दोन फूट उंच, समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीला लहान खिडक्या, दारापुढे पडवी आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर झरोका, एवढे झाले तरी आजारपण आणि इंधन दोन्ही कमी होतात. दोन खड्ड्यांचे शौचालय विहिरीपासून किमान १० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला घ्यावे.

सहावी पायरी: हप्ते, स्थलांतर आणि अडकलेली फाइल

हप्ते जोते, खिडकीवरचा पट्टा आणि छत अशा टप्प्यांवर, मोबाइलवरून जागेच्या नोंदीसह काढलेल्या छायाचित्रानंतर येतात. पण कातकरी आणि इतर अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, आणि बांधकामाचे कोरडे महिने नेमके तेच असतात. मंजुरीचे पत्र येताच कुटुंबाशी बसून कोण घरी राहील, रोजगार हमीची मजुरी त्याला पुरेल का आणि मुकादमाची उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) आधी घेतली आहे का, हे विचारावे. उचल घेतलेली असेल तर पुढच्या हंगामाची तारीख लेखी मागून मंजुरी रद्द होऊ न देणे हेच शहाणपणाचे असते. सर्वेक्षणाच्या वेळी बाहेरगावी असलेल्या कुटुंबांची नावे ग्रामसभेच्या ठरावात घालून पाठवावीत.

हप्ता अडला तर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, मग गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेच्या प्रकल्प संचालकांकडे अर्ज करावा. शबरी योजनेचे प्रकरण असेल तर प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावे. प्रत्येक अर्जात आधीच्या अर्जाची पोच जोडावी. दाखला वेळेत मिळत नसेल तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते, आणि फाइल कोठे आहे हे माहिती अधिकारातून विचारता येते. जागेचा वाद किंवा पैशांची फसवणूक असेल तर तालुका विधी सेवा समितीत जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो, आणि त्यासाठी जातीचा दाखला व एक साधा अर्ज पुरतो.